सर रोनाल्ड रॉस

हिवताप हा मानवजातीचा फार जुना वैरी होय. पावसाळा सरू लागला की गावोगाव घरांतून माणसे थंडीने कुडकुडत अंथरुणाला खिळत. दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेमुळे हा ताप येतो, अशी लोकांची पिढ्यानपिढ्या समजूत होती. ही समजूत खोटी ठरवून रोगाचा खरा वाहक ज्याने शोधून काढला, तो संशोधक म्हणजे सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म हिमालयाच्या कुशीतील अलमोडा येथे १३ मे १८५७ रोजी झाला. त्यांचे वडील लष्करात अधिकारी होते. बालवयातच त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात आले. काव्य, संगीत आणि गणित यांची त्यांना मनापासून आवड होती. परंतु वडिलांच्या इच्छेला मान देऊन ते वैद्यक शिकले आणि १८८१ मध्ये डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात परतले.

बंगळूर येथे राहत असताना डासांनी त्यांना भंडावून सोडले. बंगल्याजवळच्या एका पिंपात त्यांना डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. ते पाणी ओतून टाकताच डास पुष्कळ कमी झाले. प्रसंग अगदी साधा. पण साचलेले पाणी आणि डास यांचा संबंध त्यांच्या मनात पक्का ठसला.

हिवतापाचे जंतू रोग्याच्या रक्तात असतात, हे लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० मध्येच दाखविले होते. पण ते एका माणसातून दुसऱ्या माणसात जातात कसे? हे काम डासांचे असावे, असा तर्क पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ मध्ये रॉस यांना सांगितला. त्या दिवसापासून रॉस यांना दुसरे काही सुचेना.

सिकंदराबादच्या रणरणत्या उन्हाळ्यात ते तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. डास उडून जातील म्हणून पंखाही बंद ठेवावा लागे. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले, डोळे शिणले. शेकडो डास तपासले, तरी हाती काहीच लागेना. निलगिरीच्या परिसरात हिंडताना तर त्यांना स्वतःलाच हिवतापाने गाठले. तरीही त्यांनी शोध सोडला नाही.

अखेर ठिपकेदार पंखांच्या डासांकडे त्यांचे लक्ष गेले. हुसेन खान नावाच्या रोग्याने हे डास स्वतःला चावू दिले. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाच्या जंतूंच्या गाठी दिसल्या. कोडे सुटू लागले होते! तेवढ्यात त्यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली आणि काम खुंटले. पुढे कलकत्त्यास त्यांनी महंमद बक्ष या साहाय्यकाच्या मदतीने पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले. जंतू डासाच्या लालापिंडात पोहोचतात आणि दंशाबरोबर दुसऱ्या पक्ष्याच्या शरीरात शिरतात, हे १८९८ मध्ये सिद्ध झाले. या कार्याबद्दल १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु केवळ शोध लावून रॉस थांबले नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाऊन येथे १८९९ मध्ये त्यांनी रस्तोरस्तीची डबकी धुंडाळून कोणत्या पाण्यात अळ्या वाढतात हे पाहिले. इजिप्तमधील इस्माइलिया येथे त्यांच्या सल्ल्याने डासांची पैदास रोखली गेली आणि तेथील हिवताप झपाट्याने ओसरला. १९०७ च्या अखेरीस ते मॉरिशसला गेले. किती मुलांच्या पाणथऱ्या वाढल्या आहेत, पाणी कोठे साचते, अशी माहिती त्यांनी हिवतापाच्या अभ्यासासाठी उपयोगात आणली. मग लहानपणीचा आवडता विषय, गणित, मदतीला धावून आला. एकूण एक डास मारण्याची गरज नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग आपोआप मावळतो, असे त्यांनी गणिताने दाखविले.

१६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. आज उपग्रहांच्या साहाय्याने पाऊस, तापमान आणि पाणथळ जागा यांची माहिती गोळा केली जाते आणि रोग कोठे पसरेल याचे अंदाज बांधले जातात. या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत रॉस यांचे नाव अग्रभागी आहे. घराभोवती साचलेले पाणी ओतून टाकणारा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी त्यांचेच कार्य पुढे चालवीत असते.