आचार्य धर्मानंद कोसंबी : पालीचे थोर गुरुजी



वर्धापनदिनाला आपण गुणवंत शिक्षक-प्राध्यापकांचा सत्कार करतो. शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या, सगळे होते. पण प्राध्यापक थोर कशावरून ठरवायचा? याचे उत्तर आम्हाला आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. शाळा जेमतेम झालेली. ‘बालबोधमेवा’ मासिकात भगवान बुद्धांची छोटी चरित्रकथा वाचली आणि मन तिथेच जडले. १८९९ साली ज्ञानासाठी त्यांनी घर सोडले. जवळ पैसा नव्हता. पुणे, काशी इथे संस्कृत शिकले, नेपाळात गेले, पण बुद्धवचन शिकविणारा कोणी भेटेना. शेवटी सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जाऊन १९०२ मध्ये श्रामणेर झाले नि पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथल्या विद्यापीठात अडीचशे रुपये पगार मिळत होता. पण हे ज्ञान महाराष्ट्रात न्यावे, ही त्यांची तळमळ. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तर अडीचशे सोडून ते पन्नासावर आले! घरसंसार असलेल्या माणसाला हे सोपे नव्हते.

पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांना बोलावणे आले. तिथून परत आल्यावर १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी. बापट पुढे फर्ग्युसनमध्ये आणि भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा तसे हे झाले.

गुरुजी वर्गाच्या चार भिंतींत अडकून राहिले नाहीत. सामान्य माणसासाठी सोप्या मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिले. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा केला. ‘विसुद्धिमग्ग’ १९४० मध्ये देवनागरी लिपीत आणला, म्हणजे आपल्या माणसाला आपल्याच अक्षरांत वाचता यावा. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे देहावसान झाले. हार्वर्डची आवृत्ती तर त्यांच्या पश्चात, १९५० साली निघाली. ती छापलेली पाहायला ते नव्हते.

म्हणून आम्हाला वाटते, सत्कारासाठी नावे काढताना नुसत्या पदव्या मोजू नयेत. त्यांनी किती विद्यार्थी घडविले, ते विद्यार्थी पुढे कोणाला शिकवतात, आणि वस्तीसाठी प्राध्यापकांनी काय केले, हे आधी विचारावे. आणि आपल्या मुलामुलींपैकी एक-दोघांनी तरी कॉलेजात पाली विषय घ्यावा. आईबापांनो, पोरांना नाही म्हणू नका. गुरुजींचा खरा सत्कार तोच होईल.

आचार्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन!

भवतु सब्ब मंगलं!