उष्णतेचा जमाखर्च आणि अर्देशीर वाडिया

भंडारा-तुमसरच्या बाजारपेठेत तांदळाच्या पोत्यातील किलोभर तूट व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. परंतु त्याच्याच मालमोटारीत जळणाऱ्या तेलाची निम्म्याहून अधिक उष्णता धुरावाटे व रेडिएटरवाटे निघून जाते, तिची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. ही तूट का होते आणि तीपैकी टाळण्याजोगी किती, हे आमच्या वाचकांस उमगावे, म्हणून एका कर्तबगार पुरुषाचे चरित्र आज आम्ही त्यांच्यापुढे ठेवीत आहोत.

अर्देशीर कर्सेटजी वाडिया ह्यांचा जन्म १८०८ साली मुंबईच्या प्रसिद्ध जहाजबांधणाऱ्या घराण्यात झाला. घराण्याची विद्या लाकडाची व शिडांची. ह्या तरुणाचे मन मात्र वाफेच्या यंत्रावर जडले. १८३० साली मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझकडे निघाली. तिच्यात कोळशाची मूळ सोय पाच-सहा दिवसांपुरतीच होती. म्हणून उतारूंच्या जागाही कोळशाने भरल्या, तरी अकरा दिवसांनी एडन गाठले तेव्हा तो संपत आला होता.

यंत्रे इतकी खादाड का असावीत? वाफ सिलिंडरातील दट्ट्या ढकलते व थंड होऊन बाहेर पडते. वैनगंगेचे पाणी वरून खाली पडते तेव्हाच चक्र फिरविते, आणि फिरवून झाल्यावर त्यास पुढे वाट द्यावीच लागते. तद्वतच उष्णता तप्त जागेकडून थंड जागेकडे जाताना काम करते, व तिचा काही भाग थंड जागेस अर्पण करावाच लागतो. कामाची कमाल मर्यादा ह्या दोन जागांच्या तापमानांवरच अवलंबून असते, हे सादी कार्नो ह्या फ्रेंच इंजिनिअराने १८२४ साली दाखविले. आजच्या हिशोबाने, १२७ अंश सेल्सिअसला उष्णता घेऊन २७ अंशांवर सोडणारे निर्दोष यंत्रही शंभरांतील २५ भागच कामी लावील. २२७ अंशांवर घेतल्यास ४०. ह्यापलीकडे कोणाचीही चतुराई चालत नाही. परंतु घर्षण, गळकी वाफ व अर्धवट जळण ह्यांनी होणारी तूट बहुतांशी आपल्या अज्ञानाची व हयगयीची होय.

ह्या दुसऱ्या तुटीशी झुंजावयाचे तर यंत्र हाताखालून गेलेले असावे लागते. अर्देशीरांनी प्रथम एक अश्वशक्तीचे लहान यंत्र स्वतः घडविले. १८३३ साली विलायतेहून मागविलेले दहा अश्वशक्तीचे यंत्र बसवून त्यांनी ‘इंडस’ ही आगबोट पाण्यात सोडली, व १८३४ साली माझगावचे आपले घर गॅसच्या दिव्यांनी उजळले. १८३९ साली अधिक शिकावे म्हणून ते विलायतेस गेले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस सभासद करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणून ते रुजू झाले. गोऱ्या कारागिरांनी देशी माणसाच्या हाताखाली राबावे, हे कित्येकांस रुचले नाही. परंतु ते १८५७ पर्यंत त्या कामावर टिकले. १८७७ साली इंग्लंडात त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षाच्या आरंभी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू होऊन वाफेचे युग आपल्या दाराशी आले होते.

आजही मौद्याच्या औष्णिक केंद्रात वाफच चाके फिरविते, आणि तेथेही कोळशाची निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते. निसर्गाचा हा कर चुकत नाही. आपल्या आळसाचा मात्र चुकविता येतो. परंतु ज्या घरांत मुलाचे हात तेलाने काळे झाल्यास कमीपणा मानतात, तेथे हे व्हावे कसे? श्रीमंत घरच्या अर्देशीरांस तो कमीपणा वाटला नाही. आमच्या व्यापारी बंधूंनी आपल्या मुलांस एक वही द्यावी. पंपाने व मोटारीने किती तेल खाल्ले आणि किती काम केले, हे तीत महिनाभर लिहवावे. पुढच्या महिन्यात इंजिन दुरुस्त करून तोच हिशोब पुन्हा मांडावा. दोन आकड्यांतील फरक हीच आपल्या अज्ञानाची किंमत.