महादेव विश्वनाथ धुरंधर

महादेव विश्वनाथ धुरंधर (जन्म : १८ मार्च १८६७, मृत्यू : १ जून १९४४) हे ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्यातील ख्यातनाम मराठी चित्रकार, बोधचित्रकार व कलाशिक्षक होते. प्रदर्शनांतील तैलचित्रांइतकीच त्यांची छापील चित्रे महत्त्वाची मानली जातात. पुस्तके आणि पोस्टकार्डे यांद्वारे त्यांची कला कलादालनाची पायरी कधी न चढलेल्या सामान्य माणसापर्यंत पोहोचली.

शिक्षण व अध्यापन

धुरंधरांचे बालपण व शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. १८९० मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे काम त्यांच्याच देखरेखीखाली झाले होते. वास्तववादी रेखांकनाचे शिस्तबद्ध शिक्षण धुरंधरांना येथे मिळाले. १८९५ मध्ये 'हॅव यू कम, लक्ष्मी?' या चित्रासाठी त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले. पुढे ते याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये तिचे संचालकपद सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. सरकारने त्यांना 'रावबहादूर' हा किताब दिला होता. विद्यार्थी व शिक्षक म्हणून या संस्थेत घालवलेल्या काळाचे वर्णन त्यांनी 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' (१९४०) या आत्मचरित्रात केले आहे.

कलाकार्य

पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग, व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे असे विविध विषय धुरंधरांनी हाताळले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने त्यांनी शिवचरित्रावरील चित्रे रंगविली. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात त्यांची चित्रे आजही पाहावयास मिळतात.

मात्र त्यांच्या प्रतिभेचा खरा विहार रस्त्यावरच्या माणसांत होता. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींचे पोशाख, स्त्रियांची नेसण्याची व चालण्याची ढब, बाजारातील गर्दी हे सारे त्यांनी जलद रेषेत टिपले. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२) आणि श्रावणातील वारांच्या कहाण्या इंग्रजीत सांगणारे सी. ए. किंकेड यांचे पुस्तक (१९१४) त्यांच्या चित्रांनी सजलेले आहे. ऑटो रॉथफिल्ड यांच्या भारतीय स्त्रियांविषयीच्या ग्रंथात (१९२०) त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. या चित्रांना साम्राज्यकालीन लेखकांच्या वर्गीकरणाची चौकट असली, तरी त्यांतील स्त्रिया निव्वळ नमुने वाटत नाहीत. त्यांच्या मुद्रेत आणि हालचालीत स्वतंत्र व्यक्तित्व जाणवते.

मूल्यमापन

स्वातंत्र्योत्तर काळात आधुनिकतावादी कलाविचार प्रबळ झाला आणि धुरंधरांची शैली पाश्चात्त्य अकादमिक वळणाची म्हणून मागे पडली. पुस्तकांसाठी केलेली चित्रे तर दुय्यम कारागिरी समजली गेली. आज मात्र त्या काळचे वेश, दागिने आणि लोकजीवन जाणून घेण्यासाठी अभ्यासक याच चित्रांकडे वळतात. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कार्याचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले होते. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) यादेखील चित्रकार होत्या.