आकाश हीच प्रयोगशाळा

जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीत शाळेच्या पटांगणावर तळहात पसरला, तर त्यातून दर सेकंदाला सुमारे एक म्युऑन आरपार जातो. जेमतेम २.२ मायक्रोसेकंद आयुष्य लाभलेला हा कण वातावरण भेदून जमिनीवर पोहोचतो, यामागील तत्त्व १९३८ मध्ये होमी भाभा यांनी ओळखले होते: वेगवान कणाचे आयुष्य सापेक्षतावादानुसार लांबलेले दिसते.

मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी जन्मलेले भाभा १९२७ मध्ये अभियांत्रिकीसाठी केंब्रिजला गेले आणि पदार्थविज्ञानात रमले. वैश्विक किरणांमुळे होणाऱ्या कणवर्षावाची उपपत्ती त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडली. १९३९ मध्ये मायदेशी आले असता महायुद्धामुळे ते येथेच राहिले आणि १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १९७४ मध्ये याच संस्थेने विज्ञानशिक्षणासाठी त्यांच्या नावाचे केंद्र सुरू केले.

युरोपातील सर्न ही संस्था २०१४ पासून स्पर्धेतून निवडलेल्या शालेय संघांना खऱ्या कणशलाकेवर प्रयोग करू देते. म्युऑन मोजण्यास मात्र महाकाय यंत्र लागत नाही. कण जाताच क्षीण चमकणारी प्लास्टिकची पट्टी आणि ती चमक टिपणारे उपकरण पुरेसे ठरते. भाभांच्या संशोधनाचा विषय तीर्थपुरीच्या विद्यार्थ्यांवरही अहोरात्र बरसतो आहे. तो मोजण्याची संधी त्यांना मिळायला हवी.