देवघरातली लक्ष्मी छापायचे मळवलीत. चित्रकाराला मात्र हक्क उक्ते विकावे लागले

मळवली (ता. मावळ) : २ ऑक्टोबर म्हटलं की गांधी जयंती. याच तारखेला १९०६ साली राजा रविवर्मा वारले, हे फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. पण कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती गोरगरिबाच्या भिंतीवर नेऊन लावली ती या माणसाने. आणि त्यातल्या कितीतरी तसबिरी छापल्या गेल्या आपल्या मळवलीत, कार्ला-भाजे लेण्यांच्या शेजारी.

रविवर्मा मूळचे केरळचे. २९ एप्रिल १८४८ रोजी किळिमानूरच्या वाड्यात जन्म. मामा चित्रं काढायचे, त्यांनीच पोराचा हात ओळखला आणि चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या दरबारी नेलं. तैलरंग तेव्हा नवे होते, शिकवायला कुणी धड तयार नव्हतं. पोराने बघूनबघून शिकून घेतलं. पुढे राजेरजवाड्यांची बोलावणी सुरू झाली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पुराणातल्या प्रसंगांची १४ चित्रं काढून घेतली. ती बडोद्याला जाण्याआधी मुंबईत मांडली, तर बघायला ही गर्दी लोटली.

पण गर्दी बघून घरी गेली आणि चित्रं राजवाड्यात गेली. एक चित्र, एक गिऱ्हाईक, एकदाच पैसे.

यातून वाट दाखवली सर टी. माधवराव यांनी. हे त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. रविवर्मांनी एक पाऊल पुढे टाकलं. १८९४ साली मुंबईत घाटकोपरला स्वतःचाच छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रं आणली, कारागीरही तिकडचेच. कारभार धाकटे भाऊ राजा वर्मा बघायचे.

ही छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रंग दहा असतील तर कागद दहा वेळा दाबायचा, आणि दर वेळी तो केसभरही हलता कामा नये. वरून चकाकी दिली की तैलचित्रासारखं दिसायचं. दगड तयार करायला खर्च मोठा, पण एकदा झाले की प्रती हव्या तेवढ्या काढा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मूळ चित्र राजवाड्यात असलं, तरी त्याच्या प्रती छापून विकायचा हक्क ही वेगळी मालमत्ता आहे. जमीन एकाच्या नावावर आणि पीक दुसऱ्याचं, असं गावाकडे असतंच की! रविवर्मांची खरी ठेव हीच होती.

धंदा मात्र साधला नाही. यंत्रं, परदेशी पगार, माल यांचा खर्च भागेना. लोकांना तसबिरी आवडू लागल्या तसे दुसरे छापखानेही नकला काढू लागले. त्यात १८९६ ला मुंबईत प्लेग शिरला. शेवटी छापखाना उचलून मळवलीला आणला. रेल्वे जवळ होती, पण तोवर कर्ज डोक्यावर बसलेलं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना विकावा लागला. घेणारा बाहेरचा नव्हता, तिथलाच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर. सौदा २५ हजारांचा, आणि त्यात ८९ चित्रांच्या छपाईचे हक्कही गेले. हिशोब केला तर हक्कासकट एका चित्राला तीनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत, छापखाना वेगळाच! यंत्रं विकून हक्क तेवढे राखले असते आणि प्रतीमागे वाटा ठरवला असता तर? आज बसून म्हणणं सोपं आहे. सावकार दारात असला की माणूस उक्तं देऊन मोकळा होतो.

श्लायशरने धंदा चालवून दाखवला. तसबिरींच्या जोडीला मालाची लेबलं, जाहिराती छापल्या. रविवर्मांच्या देव्या काडेपेटीवर आल्या, कॅलेंडरवर आल्या. पुढे सिनेमा काढणारे दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्याचं काम करायचे.

१९०५ साली भाऊ गेला. पाठोपाठ पुढच्या वर्षी रविवर्माही गेले. छापखाना मात्र पुढे कित्येक वर्षं चालला. १९७२ साली आग लागली आणि मळवलीतला हा कारखाना जळून गेला, कितीतरी जुन्या छापील प्रतींसकट.

आता त्या चित्रांवर कुणाचाच छपाईचा हक्क उरलेला नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी तो संपतो. त्यामुळे दिवाळीत बाजारात मिळणारी ती लक्ष्मी कुणीही छापू शकतो, विकू शकतो, कुणाला विचारायची गरज नाही.