तर्कतीर्थ आणि मेंदूची मराठी

कृष्णाकाठच्या वाईचे नाव घाटांसाठी आणि मंदिरांसाठी घेतले जाते, तसेच ते मराठी विश्वकोशासाठीही घेतले जाते. एवढ्या मोठ्या कोशाचे संपादन मुंबई-पुण्याऐवजी एका तालुक्याच्या गावी चालले, याचे श्रेय तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना आहे. त्यांच्या धर्मसुधारणेची चर्चा पुष्कळ झाली. पण न्यायशास्त्रात मुरलेल्या या पंडिताच्या संपादकत्वाखाली मानवी मेंदूचे शास्त्रही मराठीत आले, याकडे सहसा लक्ष जात नाही.

शास्त्रीजींचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे झाला. चौदाव्या वर्षी ते वाईस आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी अध्ययन करू लागले. १९२३ मध्ये त्यांनी कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ ही पदवी संपादन केली. इंग्रजी ते स्वतःच्या उद्योगाने शिकले. पुढे कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास सोसला, अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात गांधीजींना शास्त्राधार पुरविला आणि नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी नाते जोडले.

ज्या न्यायदर्शनात त्यांची बुद्धी घडली, त्यात मन हे अणुरूप द्रव्य मानले आहे. आत्मा, मन, इंद्रिय आणि विषय यांचा संयोग झाला म्हणजे ज्ञान उपजते. मन अणू असल्यामुळे एका क्षणी एकच ज्ञान होते. उलट चार्वाकांच्या मते चैतन्य हा देहाचाच धर्म होय. शास्त्रीजींनी ‘जडवाद’ हा ग्रंथ लिहून या दुसऱ्या परंपरेचाही गंभीर विचार केला. मनाचे अधिष्ठान कोणते, हा प्रश्न त्यांना परका नव्हता.

१९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. या कोशाने मेंदूपासून बोटांच्या टोकांपर्यंत पसरलेल्या व्यवस्थेला ‘तंत्रिका तंत्र’ म्हटले. सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मेंदू, पाठीच्या कण्यातून उतरणारा मेरुरज्जू, मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या, असा हा पसारा आहे. मोठा मेंदू विचार, स्मरण व ऐच्छिक हालचाली सांभाळतो. लहान मेंदू तोल राखतो. खालचा मस्तिष्कस्तंभ श्वास व हृदयाची गती नियंत्रित करतो. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी तंत्रिका पेशी असतात, असे अलीकडचे संशोधन सांगते.

हे शब्द बोजड आहेत, अशी तक्रार जुनीच आहे. पण रूढ ‘मज्जातंतू’ हा शब्द तपासून पाहावा. आयुर्वेदातील मज्जा म्हणजे हाडांतील मगज; सप्तधातूंपैकी ती एक. तिचा संवेदना वाहून नेणाऱ्या धाग्यांशी संबंध नाही. ‘तंत्रिका’ हा शब्द तंत्रीशी, म्हणजे वीणेच्या तारेशी, नाते सांगतो. त्यामुळे हा घोळ टळतो. दुर्दैव असे की शाळेच्या पुस्तकात ‘चेतासंस्था’, बोलण्यात ‘मज्जासंस्था’ आणि कोशात ‘तंत्रिका तंत्र’, अशी एकाच वस्तूची तीन नावे विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. पुढे विज्ञानशाखेत गेला की तो तिन्ही सोडून इंग्रजी शब्द धरतो.

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नव्हे. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे शरीराची उजवी बाजू असते आणि बहुतेकांची वाचाही तेथेच असते. म्हणून घरातील वडीलधाऱ्याचा उजवा हात अचानक लुळा पडला आणि शब्द अडखळू लागले, तर तो वाताचा झटका म्हणून तेल चोळीत बसण्याचा प्रसंग नसतो. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झालेला असण्याची शक्यता असते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. हे ज्ञान घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत नसेल, तर ते ऐन वेळी कामास येणार कसे?

शास्त्रीजी २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वर येथे निवर्तले. उरलेले खंड त्यांच्यामागे निघाले आणि आता संपूर्ण कोश संगणकावरही वाचावयास मिळतो. शब्द वापरानेच हलका होतो. ‘रक्तदाब’ हा शब्द आज कोणाला जड वाटतो? वाईच्या पंडिताने शब्दांचे भांडार भरून ठेवले. ते वर्गात आणि घरात खर्च करणे, हे आता शिक्षकांचे व वाचकांचे काम होय.