निलगिरीचे तेल आणि फर्डिनांड म्युलर

सर्दी झाली की आपण निलगिरीचे तेल हुंगतो. पण हे झाड निलगिरी पर्वताचे नव्हे, ऑस्ट्रेलियाचे. त्याचा जगभर प्रचार केला फर्डिनांड म्युलर यांनी. जन्म जर्मनीत, १८२५चा. शिकले औषधनिर्माण. बहिणींच्या प्रकृतीला उबदार हवा मानवेल म्हणून १८४७ मध्ये ते ऑस्ट्रेलियात गेले आणि व्हिक्टोरियाचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाले.

हिवताप दलदलीच्या दूषित हवेने होतो, असा तेव्हा समज होता. निलगिरी ती हवा शुद्ध करते, या विश्वासाने म्युलर यांनी देशोदेशी बिया धाडल्या. हेतू चांगलाच होता. निदान चुकले, तरी औषध चालू राहिले. आम्हा डॉक्टरांना हे अनोळखी नाही. १८९६ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले.

तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांवर हे झाड त्याआधीच सरपणासाठी आले होते, जोडीला ऑस्ट्रेलियाचीच वॅटल. इंग्रजांना तिथली गवताळ माळे पडीक वाटली. प्रत्यक्षात तेच गवत पाऊस मुरवून ओढे वाहते ठेवते. वॅटल नुसती तोडून भागत नाही. तिचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि वणव्यानंतर जोमाने उगवते. म्हणून रोपे पुन्हापुन्हा उपटायची आणि मोकळ्या जागी मूळचे गवत लावायचे.